फावला वेळ कुणाचा?



माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी होऊन पडलेलं मॅटीचं कापड पुन्हा बाहेर येऊ लागलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत ही सुरुवात झाली आणि टाळेबंदी उठल्यावरही ती थांबली नाही. नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या मुली, निवृत्त शिक्षिका, बाळंतपणानंतर घरी असलेल्या बायका क्रॉस स्टिच करताहेत. कापड, सुई, दोरे आणि नक्षीचा कागद असा सगळा संच आता एका पाकिटात विकत मिळतो. का करता असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच येतं : डोकं शांत होतं.

हे लोण आपल्या गटांपर्यंतही पोचलं आहे. मागच्या एका बैठकीत सगळे विषय संपल्यावर एका कार्यकर्तीनं सुचवलं, की महिन्यातली एक दुपार आपण केंद्रावर नुसतं भरतकाम करायला ठेवूया. शिबिर नको, प्रशिक्षण नको, विक्रीही नको. बसायचं आणि फुल्या घालायच्या. त्यावर जो वाद झाला तो त्या दिवशीच्या बाकी सगळ्या विषयांपेक्षा जास्त वेळ चालला. एक जण म्हणाली, "रुखवतातून सुटायला मला निम्मं आयुष्य लागलं. आता चळवळीच्या कार्यालयात परत सुईदोरा?" दुसरी म्हणाली, "आठवडाभर मारहाणीच्या तक्रारी ऐकते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मला कुणी सुई दिली तर मी घेईन."

दोघींचंही खरं आहे. म्हणून विषय हलका वाटला तरी तो इथे घेतला आहे.

आधी पहिलीचं म्हणणं पाहू. आपल्यापैकी ज्या पन्नाशी-साठीच्या आहेत त्यांना रुखवताचं टेबल आठवत असेल. मांडवाच्या एका बाजूला पांढरी चादर अंथरलेली, त्यावर मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, पोपटांची जोडी भरलेले अभ्रे, रेडिओवर झाकायचा मॅटीचा रुमाल, काचेच्या चौकटीत बसवलेलं 'सुस्वागतम्'. नवऱ्याकडच्या बायका एकेक वस्तू उलटीपालटी करून बघणार. मागची बाजूसुद्धा बघणार, कारण गाठी कुठे मारल्यात, दोरे कुठे लोंबताहेत, त्यावरून सुनेचा नीटनेटकेपणा ठरायचा. आणि एखादी मावशी शेजारी उभी राहून सांगत असणार, "सगळं हिनंच केलंय हं!" मुलीची पदवी, तिचं वाचन, तिचा आवाज यांपैकी कशाचंच टेबल मांडलं जात नव्हतं. मांडलं जायचं ते तिचं मुकाट बसणं. पोपटांची ती जोडी भरायला किती तास एका जागी मान खाली घालून बसावं लागतं, हे जोखायला आलेल्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. त्याही त्याच वाटेनं आलेल्या होत्या. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं. टेबल मात्र अजून मांडलं जातंच.

शाळेनंही हेच केलं. मुलींना शिवण, मुलांना सुतारकाम किंवा शेती, अशी वाटणी अनेक शाळांतून कितीतरी वर्षं चालू होती. त्याच्या मागे जुना वाद आहे. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो. तिथे मुलींना काय शिकवावं यावरून वर्तमानपत्रांतून बरीच लढाई झाली. घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढंच मुलींना शिकवावं ही लोकमान्य टिळकांची बाजू होती, आणि घरसंसाराला उपयोगी म्हणजे काय तर त्यात शिवण आलंच. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं तेव्हा तिथेही शिवण शिकवलं गेलं. पण तिथे समोर बसलेल्या बायकांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, आणि त्यांना पोटापाण्याचं साधन हवं होतं. सुई तीच, पण एका ठिकाणी ती बाईला घरात बसवण्यासाठी होती आणि दुसऱ्या ठिकाणी घराबाहेर पाय टाकण्यासाठी.

म्हणजे सुईवर रागावून उपयोग नाही. राग धरायचा तर तो 'फावल्या वेळात' या शब्दावर.

हा शब्द किती काय लपवतो ते मारिया मीज या जर्मन अभ्यासक बाईनं दाखवून दिलं. १९६० च्या दशकात ती पुण्यात मॅक्सम्युल्लर भवनात जर्मन शिकवायची. आपल्याकडच्या बायकांचं जगणं तिनं जवळून पाहिलं होतं. पुढे तिनं आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस आणली. मीज गेली तेव्हा ती लेस परदेशात जात होती, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत झाले होते, आणि विणणाऱ्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या. मिळकत किमान वेतनाच्या कितीतरी खाली. का? तर त्या कामगार नव्हत्याच म्हणे. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा रिकाम्या वेळचा चाळा. त्या स्वतःही तसंच समजत. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखे हक्क मिळावेत असा ठराव आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये केला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

आता दुसरीचं म्हणणं. सुईनं खरंच डोकं शांत होतं का?

क्रॉस स्टिच करून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. कापडावर आधी काही छापलेलं नसतं. समोरच्या कागदावरचे चौकोन मोजायचे आणि कापडावरची घरं मोजायची. सात तांबड्या, दोन घरं सोडून तीन हिरव्या. मोजणाऱ्या डोक्यात उद्याची सुनावणी शिरायला जागा कमी उरते. प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला झुकला पाहिजे एवढाच काय तो नियम. चुकलं तर उसवायचं. आपल्या रोजच्या कामात उसवून पुन्हा पहिल्यापासून करता येईल असं काय असतं, सांगा बरं!

हे मोजून भरण्याचं काम आपल्याला परकंही नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे ज्या इरकल साड्या नेसतात त्यांच्यावरचा धारवाडकडचा कशिदा असाच कापडाचे धागे मोजून, आधी काही न रेखाटता भरतात. त्यातल्या चार टाक्यांपैकी एकाचं नाव 'मेंथे', म्हणजे मेथी, आणि तो आपला क्रॉस स्टिचच. गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन हे सगळं केवळ मोजून उभं राहतं.

पुरुषांनाही सुई उतारा म्हणून दिली गेली आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन, भेदरून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना इस्पितळांत भरतकाम शिकवलं गेलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या वेदीसाठी शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी मिळून एक भरलेलं वस्त्र तयार केलं, ते १९१९ च्या आभारप्रार्थनेत तिथे लावलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सिस कॅसडाग्ली नावाचा ब्रिटिश मेजर जर्मनांच्या कैदेत होता. १९४१ मध्ये त्यानं क्रॉस स्टिचचा एक तुकडा भरला आणि त्याच्या किनारीत ठिपके आणि रेघांच्या मोर्स लिपीत हिटलरला सणसणीत शिवी घातली. जर्मनांना ती वाचता आली नाही. त्यांनी तो तुकडा कौतुकानं प्रदर्शनात मांडला. पुरुष हादरला की सुई ही उपचार ठरते. बाई हादरलेली असो की नसो, तिच्या हातात ती आधीपासूनच असते, म्हणून तिला काय होतंय हे कुणी विचारत नाही.

पण एका बाईनं ते लिहून ठेवलं आहे, आणि तेही क्रॉस स्टिचमध्येच.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साध्या लिननचा एक तुकडा आहे. ना वेलबुट्टी, ना किनार. वरपासून खालपर्यंत लाल रेशमी दोऱ्यानं भरलेली फक्त अक्षरं. भरणारीचं नाव एलिझाबेथ पार्कर. १८१३ साली ससेक्समधल्या अ‍ॅशबर्नहॅम गावी मजुराच्या घरात तिचा जन्म झाला. तेरा-चौदाव्या वर्षी ती लोकांच्या घरी कामाला लागली. त्या काळी गरीब मुलींना क्रॉस स्टिच शिकवायचे ते मालकांच्या चादरी-टॉवेलांवर खुणेची अक्षरं आणि आकडे घालता यावेत म्हणून. शिकवलेलं तेवढंच कौशल्य घेऊन १८३० च्या सुमारास तिनं स्वतःची कहाणी भरली. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असं मांडते आहे, अशी ती सुरुवात करते. मालकानं केलेले अत्याचार, जिन्यावरून ढकलणं, त्यानंतर मनात पुन्हापुन्हा येणारा जीव द्यायचा विचार, हे सगळं ती फुलीफुलीनं सांगते. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. खाली कापड मोकळंच आहे.

ती त्यातून तगली, ही सांगण्यासारखी गोष्ट. पुढे ती गावात शिक्षिका झाली, मेलेल्या बहिणीची मुलगी तिनं वाढवली, आणि १८८९ पर्यंत जगली. तो तुकडा भरताना तिला शांत वाटलं असेल का? ठाऊक नाही. पण समुपदेशनाला येणारी एखादी बाई पहिल्या दोन भेटींत एक शब्द बोलत नाही आणि नंतर पदराच्या टोकाशी चाळा करता करता बोलू लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हात गुंतले की जीभ सुटते. समोरचीच्या डोळ्यात बघावं लागत नाही, मध्ये गप्प बसलं तरी चालतं.

स्वतःच्या नावानं बोलण्याप्रमाणे सगळ्यांच्या नावानं बोलायलाही हा टाका कामी आला आहे. पॅलेस्टिनी बायकांच्या पायघोळ झग्यांवरचं भरतकाम मुख्यतः क्रॉस स्टिचचं असतं, आणि पूर्वी नक्षीवरून बाईचं गाव ओळखता यायचं. १९४८ मध्ये गावं सुटली, पण नक्ष्या बायकांबरोबर निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी झेंडा लावायला बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा आपल्या झग्यांवर भरले आणि ते अंगावर घालून रस्त्यावर आल्या. २०२१ मध्ये युनेस्कोनं ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. ज्या गावांच्या त्या नक्ष्या, त्यातली कितीतरी गावं नकाशावर उरलेली नाहीत.

रोझिका पार्कर ही आपल्यासारखीच नियतकालिक चालवणारी बाई. इंग्लंडमधल्या 'स्पेअर रिब' या स्त्रीवादी मासिकाच्या गटातली. १९८४ मध्ये तिनं भरतकामाच्या इतिहासावर 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' हे पुस्तक लिहिलं. भरतकामानं बाईला बाईपणाचे धडे दिले आणि त्या धड्यांविरुद्ध बोलायचं साधनही दिलं, असं तिचं म्हणणं. आमच्या बैठकीतल्या दोघी तिनं ऐकल्या असत्या तर तिला नवल वाटलं नसतं.

तरीही आम्हाला वाटतं, की बंड आणि निषेध यांच्या या गोष्टी सांगून आपण एक पळवाट काढतो आहोत. जणू भरतकाम क्रांतिकारक आहे हे सिद्ध झालं तरच ते करायची परवानगी. घरात सासूबाई म्हणायच्या, हात रिकामे ठेवू नकोस. चळवळीत आपण म्हणतो, निरुद्देश काही करू नकोस. यांत फरक किती? आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी कामगारांनी केली तेव्हा त्या स्वतःच्या आठ तासांत तुम्ही काय करणार असं त्यांना विचारून कुणी हिशेब मागितलेला योग्य ठरला नसता. बाईकडून मात्र तो मागितला जातो. आणि बाईही तो देते : टीव्ही बघता बघता लसूण सोलला, गप्पा मारता मारता मेथी निवडली.

थोडा हिशेब इथे करूच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यात जात होते आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांचे २८९ झाले आणि पुरुषांचे ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली, पुरुषांनी त्याहून फारशी कमी नाही अशी नऊ मिनिटं सोडवून घेतली. आणि हे फक्त घरकाम. मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांचं करणं निराळं मोजतात. आता क्रॉस स्टिचचं नेहमीचं कापड घ्या, इंचाला चौदा घरं असलेलं. चार इंचांचा चौकोन पुरा भरायचा तर ३१३६ फुल्या लागतात. मिनिटाला पाच धरल्या तरी साडेदहा तास. म्हणजे दोन दिवसांच्या घरकामाहूनही जास्त. पाच वर्षांत सुटलेल्या त्या दहा मिनिटांत रोज पन्नास फुल्या होतील. हाताच्या तळव्याएवढा तुकडा पुरा व्हायला दोन महिने.

हे कळलं की बाजारात दिसणाऱ्या रंगीत पाकिटांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघता येतं. 'स्वतःसाठी वेळ काढा' असं त्यावर छापलेलं असतं. वेळ कुठून काढायचा ते छापलेलं नसतं. चार घरची धुणीभांडी करून आपल्या घरची करणाऱ्या बाईला छंद नको असतो असं नाही. तिला उजेडाची जागा, पाठ टेकायला भिंत आणि कुणी हाक मारणार नाही असा एक तास हवा असतो. दोऱ्याची लडी त्या मानानं स्वस्त आहे.

आपल्यातही ही वाटणी आहेच. केंद्रावर दिवसभर बसणारी कार्यकर्ती दुसऱ्या बाईला सांगते, स्वतःकडे लक्ष द्या, जेवत जा, झोपत जा. स्वतः दुपारचा डबा चार वाजता उघडते. पोलीस ठाणं, इस्पितळ, कोर्ट करत करत काही वर्षांनी ती गळते आणि एक दिवस येईनाशी होते. मग आपण म्हणतो, तिची बांधिलकी कमी पडली. अशा किती जणी गेल्या, मोजून बघा. त्या दमल्या होत्या आणि दमल्याचं सांगायची सोय आपण त्यांना ठेवली नव्हती.

म्हणून बैठकीत अखेर ठरलं ते असं. महिन्यातली एक दुपार, दोन ते पाच. जे भरलं जाईल ते विकायचं नाही, प्रदर्शनात मांडायचं नाही, वार्षिक अहवालात 'लाभार्थी' म्हणून कुणाची नोंद करायची नाही. कुणाच्या लग्नासाठी काही भरायला घेतलं तर ते घरी न्यावं. ज्यांना सुई आवडत नाही त्यांनी आडवं पडावं. रुखवताचा मुद्दा काढणारी मैत्रीणही येणार आहे, बहुधा आडवं पडायला.

आणि एक अट, जिच्यावर सगळ्यात जास्त खळखळ झाली : घरी खरं सांगून यायचं. प्रशिक्षणाला जाते, मीटिंगला जाते असं नाही. विसाव्याला जाते, असं. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध पोलीस ठाण्यात उभ्या राहिलेल्या बायकासुद्धा यावर एकमेकींकडे बघू लागल्या. पहिल्या दुपारी नऊ जणी आल्या. खरं सांगून आलेल्या तिघी होत्या. त्यातल्या एकीला घरून विचारलं गेलं होतं, "म्हणजे नक्की करणार काय तिथं?"

तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर थोडं उपयोगाचं सांगून ठेवतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी इंचाला अकरा घरांचं कापड घ्यावं, चौदाचं डोळ्यांना जड जातं. सुई बोथट टोकाची, चोवीस नंबरची. दोरा सहापदरी येतो. चौदाच्या कापडाला दोन पदर पुरतात, अकराच्या कापडाला तीन. हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नये, गुंतागुंत होते. सुरुवात कापडाच्या मधोमध करावी, म्हणजे नक्षी एका कडेला जात नाही. शेवटाला गाठ मारू नये, सुई मागच्या चार-पाच टाक्यांखालून काढून दोरा कापावा. आणि मागची बाजू कशीही दिसली तरी चालेल. ती बघायला कुणी येणार नाही.

पुढच्या अंकात या विषयावरची पत्रं छापायची आहेत. भरलेल्या तुकड्यांचे फोटो पाठवू नका. तीन तास कसे काढलेत, घरी काय सांगितलंत आणि त्या दुपारी तुमच्या घरी चहा कुणी केला, ते लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.